खाऱ्या वाऱ्यातील जुनी मोटार : गंजलेल्या पत्र्याची घरच्या घरी दुरुस्ती

दिवेआगर, श्रीवर्धन, मुरुड या समुद्रपट्टीतील बागायतदारास नारळी-पोफळींचे रोग समजावून सांगण्याची गरज नाही. पोफळीवर कोळे रोग दिसण्यापूर्वीच फवारणी केली पाहिजे, माडाचा कुजका भाग निरोगी गाभा लागेपर्यंत तासून काढला पाहिजे, या गोष्टी तो वडिलांच्या हाताखाली शिकलेला असतो. परंतु त्याच्याच अंगणातील एका वस्तूस बारमाही रोग जडलेला असतो, आणि तिच्याकडे मात्र तो या दृष्टीने क्वचितच पाहतो. ती वस्तू म्हणजे त्याची जुनी मोटार. कोणाकडे वडिलार्जित जीप असते, कोणाकडे मुंबईहून गावी आलेली पद्मिनी असते. इंजिन चालते, चाके फिरतात, पण दाराच्या खालच्या कडेस फोड आलेले असतात आणि पायाखालचा पत्रा उचलून पाहिला तर रस्ता दिसतो.

या प्रश्नास अलीकडे विशेष महत्त्व आले आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन तालुक्यातील हजारो पोफळी व माड एका दुपारी आडवे झाले. पोफळीचे रोप लावल्यापासून फळावर यावयास पाच ते आठ वर्षे लागतात. तोपर्यंत नवीन वाहन घेण्याची ऐपत सर्वांनाच असते असे नाही. जुन्या वाहनावरच निभावावे लागते. अशा वेळी मोटारीचा पत्रा दोन वर्षे टिकतो की दहा वर्षे, हा हौसेचा प्रश्न राहत नाही, संसाराच्या हिशेबाचा होतो. सबब या लेखात आम्ही गंजलेल्या पत्र्याच्या दुरुस्तीचा विचार करणार आहोत. त्यातील कोणता भाग बागायतदारास स्वतः करता येईल व कोणता त्याने जाणत्या कारागिरावर सोपवावा, हेही सांगू.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, गंज झाकल्याने जात नाही. तो कापून काढावा लागतो, आणि कापल्यावर त्या जागी पाणी व मीठ पुन्हा साचणार नाही अशी तजवीज करावी लागते. यांपैकी एक गोष्ट केली व दुसरी राहिली, तर श्रम व पैसा दोन्ही फुकट जातात.

गंज कसा चढतो

लोखंड, हवेतील प्राणवायू व पाणी या तिघांचा संयोग झाला म्हणजे गंज होतो. घाटावरही तो होतोच. परंतु समुद्रकाठी या तिघांस मिठाची जोड मिळते. मीठ मिसळलेल्या पाण्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह सहज वाहतो, आणि लोखंडाचे झिजणे ही मुळात अशा प्रवाहाचीच क्रिया असल्यामुळे ती झपाट्याने चालते. शिवाय समुद्राचे मीठ हवेतील ओलावा स्वतःकडे ओढून घेते. स्वयंपाकघरातील मीठ हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाझरू लागते. समुद्राच्या मिठात जो मॅग्नेशियमचा क्षार असतो, तो तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरतो. याचा अर्थ असा की, पत्र्यावर बसलेला खारट थर आपल्याला कोरडा भासत असतानाही पुष्कळदा ओलाच असतो. पाऊस थांबला म्हणून कोकणात गंज थांबत नाही, त्याचे कारण हेच.

दुसरी गोष्ट, गंज हा मूळ लोखंडापेक्षा आकाराने फुगतो; तो दुपटीहून अधिक जागा व्यापतो. म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरलेला गंज सांधा उसवतो आणि रंगाखालचा गंज रंगास फोड आणतो. तो फोड म्हणजे रोगाचा आरंभ नव्हे. बहुधा पत्रा आतील बाजूने सडत सडत बाहेर आलेला असतो, आणि आपणास दिसतो तो केवळ शेवट.

दिवेआगरच्या भूमीचीच दोन उदाहरणे पाहा. या गावचा प्रसिद्ध मराठी ताम्रपट शके ९८२ मधील, म्हणजे इसवी सन १०६० मधील आहे. साडेनऊशेहून अधिक वर्षे लोटली तरी त्यावरील अक्षरे वाचता येतात. १९९७ साली याच गावी एका बागेत खणताना तांब्याची पेटी निघाली व तीत सोन्याचा गणेशाचा मुखवटा सुस्थितीत मिळाला. पुढे २०१२ मध्ये तो चोरीस गेला, ही गोष्ट निराळी. तांबे हिरवट पुट धरून स्वतःचे रक्षण करते आणि सोन्यास तर वारा-पाणी बाधतच नाही. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो. तो खालच्या धातूस झाकीत नाही, उलट ओलावा धरून ठेवतो. म्हणूनच तांब्याचा पत्रा जेथे शतके काढतो, तेथे लोखंडाच्या पत्र्यास रंग, मेण व धुणे यांचे पांघरूण माणसाने द्यावे लागते.

दोन धातू एकत्र आले म्हणजे काय होते, हे पोफळीच्या प्रत्येक बागायतदाराने पाहिलेले आहे. एक टक्का बोर्डो मिश्रण करताना १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १०० लिटर पाणी घेतो आणि मिश्रणात लोखंडी सुरी बुडवून पाहतो. सुरीवर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजतो. त्या वेळी सुरीवर तांबे बसते आणि तितक्याच हिशेबाने सुरीचे लोखंड विरघळून जाते. मोरचुदाचे पाणी जीपच्या तळावर सांडले तर तेथेही हेच घडते. फवारणीचे पिंप, ओली मासळी, कुटीचे खत, शेण, पोटॅशचे पोते या सर्व वस्तू पत्र्याच्या शत्रू आहेत. त्या वाहून न्यावयाच्या असतील, तर खाली उभ्या काठाचे प्लास्टिकचे घमेले वा जाड ताडपत्री ठेवावी आणि संध्याकाळी तळ गोड्या पाण्याने धुवावा.

मोटारीचा भार कोठे आहे हे प्रथम पाहावे

हातोडा हाती घेण्यापूर्वी मालकाने आपल्या मोटारीची घडण समजून घेतली पाहिजे, कारण येथे प्रश्न माणसांच्या जिवाचा असतो.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला, आणि पुढे त्याच वळणाच्या जीपगाड्या अनेक दशके महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून धावल्या. या जीपला खाली शिडीसारखी मजबूत लोखंडी चासी असते व वर पत्र्याची पेटी बसविलेली असते. पेटीचा पत्रा गळला तरी भार चासीवर असतो. म्हणून जीपचा तळ, बाजूचे पत्रे व मडगार्ड यांचे काम घरी करण्यास पुष्कळ वाव आहे. मात्र चासीच गंजली असेल, विशेषतः कमानपाट्यांच्या आधारापाशी वा स्टिअरिंगच्या बैठकीपाशी, तर ते काम घरचे नव्हे.

फियाट व पद्मिनी यांची गोष्ट वेगळी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या तयार झाल्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने त्या घरोघर परिचित झाल्या, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. या गाडीस स्वतंत्र चासी नाही. तळ, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, खांब व छप्पर मिळून एकच सांगाडा होतो आणि सर्व भार तोच पेलतो. म्हणून दाराखालची पट्टी सडली म्हणजे घराचे जोते खचल्यासारखे समजावे. दार नीट मिटत नाही, ते वर उचलून लावावे लागते, ही त्याची खूण आहे. अशा गाडीचे मडगार्ड, दाराची कातडी व डिकीचे झाकण यांचे काम घरी करावे. जोते मात्र जाणत्या वेल्डरकडूनच, आणि तेही गाडी सपाट जागी नीट टेकू देऊन करवावे.

ज्यांची गाडी ५० वर्षांहून जुनी आहे व जे तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करू इच्छितात, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमांत, अशी गाडी मूळ रूपात राखलेली असावी, तिची चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट घातली. तेव्हा संपूर्ण पेटी बदलण्यापेक्षा गंजलेला तेवढाच भाग कापून तसाच नवा घालणे, हे या दृष्टीनेही श्रेयस्कर आहे.

रोगाची परीक्षा

गाडी प्रथम गोड्या पाण्याने आतून, बाहेरून व खालून धुवावी. मडगार्डच्या आतील घडीत व तळाच्या आडव्या पन्हळींत जी माती साचलेली असते, ती खरवडून काढावी. ओल धरून ठेवणारी जागा तीच असते. पायाखालचे गालिचे व रबर काढून टाकावे. गाडी दोन दिवस उन्हात वाळू द्यावी.

मग लाकडी दांड्याने पत्रा हलकेच ठोकीत जावे. निरोगी पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा बद्द येतो. शंका येईल तेथे टोच्याने दाबून पाहावे. पत्र्यावर लहानसे चुंबक फिरवावे. ते जेथे धरत नाही, तेथे पत्रा नसून पूर्वीच्या कोणी भरलेली लांबी आहे असे समजावे. सर्व खुणा खडूने करून रोगाचे तीन वर्ग पाडावेत. पहिला वर्ग केवळ वरवरच्या तांबूस गंजाचा. दुसऱ्यात पत्र्यास खड्डे पडलेले असतात, परंतु टोचा आरपार जात नाही. तिसऱ्यात भोक पडलेले असते किंवा टोच्याने पडते. पहिल्या दोन वर्गांत पत्रा राखता येतो. तिसऱ्यात तो कापलाच पाहिजे.

हंगाम व वेळ

हे काम मार्गशीर्ष ते फाल्गुन या महिन्यांत काढावे. पावसाळ्यात उघडा केलेला पत्रा रात्रीतून तांबडा होतो आणि वैशाखात हवा दमट होऊ लागते. दिवसातील वेळही महत्त्वाची आहे. किनाऱ्यावर रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ते कोरडे असतात. दुपारकडे वारा फिरतो व खारे वारे सुरू होतात. थंडीच्या दिवसांत पहाटे पत्र्यावर दव असते. म्हणून दव सुकल्यावर, साधारण नऊ वाजल्यापासून बारापर्यंतचा काळ अस्तर व रंग लावण्यास उत्तम समजावा. उघडा, चकचकीत पत्रा दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात कधीही ठेवू नये. ज्या दिवशी जितका पत्रा घासून अस्तर लावणे शक्य आहे, तितकाच त्या दिवशी घासावा. सगळी गाडी एकदम उघडी करून बसणे म्हणजे वळवाच्या तोंडावर सगळ्या घराची कौले उतरविण्यासारखे आहे.

कृती

पहिल्या व दुसऱ्या वर्गातील गंज तारेच्या ब्रशाने व पॉलिश कागदाने चकचकीत धातू लागेपर्यंत घासावा. खड्ड्यांच्या तळाशी गंज व मीठ दोन्ही दडलेले असतात. म्हणून घासल्यावर तो भाग गरम गोड्या पाण्याने ब्रश लावून धुवावा, लगेच पुसून वाळवावा आणि सुटा करता येण्यासारखा असेल तर एक रात्र बंद पडवीत ठेवावा. सकाळी खड्ड्यांत ताजे तपकिरी ठिपके उमटलेले दिसले, तर मीठ राहिले आहे असे समजून पुन्हा धुवावे. ही परीक्षा सोपी आहे, परंतु ती न केल्यामुळे उत्तम रंगही वर्षभरात फुटतो.

दुसऱ्या वर्गातील खड्ड्यांस बाजारात मिळणारे फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लाचे औषध लावावे. त्याने उरलेला गंज काळा व स्थिर होतो. हिरड्याच्या काढ्यात लोखंडाचे पाणी पडले म्हणजे काळी शाई होते, त्यातलाच हा प्रकार. मात्र हे औषध पातळ गंजावरच चालते. पापुद्रे सुटलेल्या जाड गंजावर ते ओतणे व्यर्थ होय. ज्या डब्यावर धुण्यास सांगितलेले असेल, त्याचे आम्ल धुऊन काढावे. हातमोजे व चष्मा वापरावा.

लहान सुटे भाग, जसे बिजागऱ्या, कंसपट्ट्या, दिव्यांच्या कड्या, यांस आणखी एक स्वस्त उपाय आहे. एक भाग उसाची मळी व नऊ ते दहा भाग पाणी यांच्या मिश्रणात ते पूर्ण बुडवून आठ-पंधरा दिवस ठेवावेत. मळी गंजास सोडविते व चांगल्या लोखंडास फारशी इजा करीत नाही. वास मात्र सुटतो, म्हणून पिंप घरापासून दूर ठेवावे. तसेच जस्त वा अॅल्युमिनियमचे भाग त्यात टाकू नयेत.

तिसऱ्या वर्गासाठी पुढील क्रम ठेवावा. भोकाभोवती निदान एक इंच तरी पुढे, म्हणजे दोन्ही बाजूंनी निरोगी धातू लागेल इतका पत्रा कापावा. येथे हात आखडता घेण्याची इच्छा होते, कारण नखाएवढे भोक तळहाताएवढे होते. परंतु कुजका गाभा ठेवून माड वाचत नाही, त्याप्रमाणेच सडक्या कडेस लावलेले ठिगळ टिकत नाही. कापलेल्या जागेचे कोपरे टोकदार न ठेवता गोल करावेत. टोकदार कोपऱ्यापासून चीर जाते. मग पुठ्ठ्याचा नमुना काढून त्याबरहुकूम नवा पत्रा कापावा. त्याची जाडी जुन्या पत्र्याइतकी असावी. २० गेजचा पत्रा सुमारे ०.९ मिलिमीटर व १८ गेजचा सुमारे १.२ मिलिमीटर जाड असतो. मोटारीच्या अंगाच्या बहुतेक कामास २० गेज व जीपच्या तळास १८ गेज योग्य. वळण द्यावयाचे असेल तेथे पत्रा वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी मोगरीने हळूहळू ठोकावा. लोखंडी हातोड्याने घाई केली, तर पत्रा ताणतो व मग बसत नाही.

ठिगळ नीट बसेपर्यंतचे हे सर्व काम मालकास स्वतः करता येते, आणि खरे श्रम यातच आहेत. जोडण्याचे काम मात्र वेल्डरकडून करून घ्यावे. फाटकाला वापरतो ते काडीचे वेल्डिंग पातळ पत्र्यास चालत नाही, त्याने भोके पडतात. गॅसचे किंवा मिगचे वेल्डिंग हवे. तयार केलेले ठिगळ घेऊन गाडी बोर्ली पंचतनला वा श्रीवर्धनला नेली, तर वेल्डरचे अर्ध्या दिवसात भागते व मजुरी वाचते. वेल्डरास सांगावे की, सलग रेघ न ओढता लांब लांब अंतरावर टाके द्यावेत व प्रत्येक टाका निवू द्यावा. नाहीतर उष्णतेने पत्रा वेडावाकडा होतो. गाडीत विजेचे वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात. पेट्रोलची टाकी जवळ असेल तर ती काढून दूर न्यावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहूनही अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ असते. ओली गोणपाटे व वाळूची बादली हाताशी असावी आणि काम संपल्यावर तासभर तरी गाडीपाशी कोणी बसून राहावे. गादीतील ठिणगी उशिरा पेटते.

ज्या पत्र्यावर कसलाही भार नाही, तेथे ठिगळ रिबिटांनी जोडण्यास आमची हरकत नाही. परंतु रिबीट लोखंडीच घ्यावी. लोखंडी पत्र्यावर अॅल्युमिनियमचे ठिगळ वा रिबीट खाऱ्या हवेत पांढरी भुकटी होऊन झिजते, आणि पितळी स्क्रूभोवतीचे लोखंड त्या सुरीप्रमाणे खाल्ले जाते. पत्र्यावर पत्रा चढवावयाचा असेल, तर कौले शाकारताना ठेवतो तसा वरचा पत्रा खालच्यावर यावा, म्हणजे वाहते पाणी सांध्यात शिरणार नाही.

अस्तर, लांबी व रंग

जोड झाल्यावर टाके घासून सपाट करावेत व त्याच सकाळी इपॉक्सी अस्तराचे दोन हात द्यावेत. पूर्वापार वापरात असलेले रेड ऑक्साइडचे अस्तर स्वस्त आहे, परंतु ते ओल शोषते. त्यावर रंग न चढविता गाडी महिनोन्महिने तशीच ठेवणे समुद्रकाठी अनिष्ट होय. अस्तर सुकल्यावर सर्व सांधे, आतील बाजूचेही, सांधे भरण्याच्या लवचीक लुकणाने बंद करावेत.

लांबी, जिला कारागीर पुट्टी म्हणतात, तिचे काम केवळ पातळ उंचसखलपणा भरण्याचे आहे. तिचा थर दोन-तीन मिलिमीटरहून जाड नसावा आणि ती अस्तरावरच लावावी. लांबी पाणी शोषते. म्हणून भोकावर जाळी चिकटवून वर लांबी थापणे म्हणजे गंजावर ओला बोळा बांधून ठेवण्यासारखे आहे. झटपट डागडुजीच्या नावाखाली बाजारात हेच पुष्कळदा चालते. दाखविताना गाडी नवीसारखी दिसते, दोन पावसाळे गेले की तोच फोड मोठा होऊन उगवतो. गाडी विकत घेणाऱ्यांनीही वर सांगितलेले चुंबक खिशात ठेवावे.

जुना रंग घासताना कोरडा घासू नये. पूर्वीच्या रंगांत शिशाचे क्षार असत व त्यांची धूळ मुलांस विशेष घातक असते. पाणी लावून वॉटर पेपरने घासावे, तोंडास चांगली मुखपट्टी बांधावी, आणि घासलेले पाणी विहिरीच्या वा अळ्यांच्या बाजूस वाहू देऊ नये. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरला असेल, तर वेल्डिंगच्या कडेचा मुलामा आधी घासून काढावा. जळत्या जस्ताच्या धुराने हुडहुडी भरून ताप येतो.

आतील निगा

येथवर केलेले काम बाहेरच्या बाजूचे झाले. गंज आतून आला होता, तेव्हा शेवटचा उपाय आतच केला पाहिजे. दाराच्या पोकळीत, दाराखालच्या पट्ट्यांत व तळाच्या पन्हळींत मेणाचे द्रावण नळीने फवारावे. ते सांध्यात झिरपते व पाण्यास मज्जाव करते. अळशीचे तेलही सांध्यांत चांगले शिरते व सुकून पापुद्रा धरते. परंतु त्याने भिजलेल्या चिंध्या ढीग करून ठेवल्यास आपोआप पेट घेतात, म्हणून त्या पाण्यात बुडवून मग टाकाव्यात. इंजिनातून काढलेले जळके तेल तळास फासण्याची चाल आहे, ती सोडावी. त्याने रबर खराब होते, आणि ठिबकलेले तेल शेवटी आपल्याच बागेत व विहिरीत उतरते. खोबरेल तेल तर या कामाचे नव्हेच, ते सुकत नाही.

दाराच्या व पट्ट्यांच्या तळाशी पाणी जाण्यासाठी कारखान्याने मुद्दाम भोके ठेवलेली असतात. ती माती व लांबी यांनी बुजलेली आढळतात. प्रत्येक पावसाळ्यापूर्वी ती काडीने मोकळी करावीत. बागेतील पाट तुंबला तर आपण लगेच फावडे घेतो; या भोकांचे महत्त्व तितकेच आहे.

गाडी गवतावर वा उघड्या मातीवर उभी करू नये. खाली फरशी वा खडीचा थर असावा. ती पोफळींच्या दाट सावलीत न ठेवता दोन बाजूंनी वारा खेळणाऱ्या खोपीत ठेवावी. प्लास्टिकची ताडपत्री अंगास घट्ट गुंडाळल्यास आत दमट हवा कोंडते व गंज वाढतो. दिवेआगरच्या पुळणीवर मोटार नेण्याचा मोह पाहुण्यांस होतो. परंतु चाकांनी उडविलेली ओली खारट वाळू चासीच्या प्रत्येक फटीत बसते, आणि तेथून ती महिनोन्महिने हलत नाही. शेखाडीकडून श्रीवर्धनला जाणाऱ्या समुद्राकाठच्या रस्त्याने भर पावसाळ्यात गाडी नेली, तरीही घरी आल्यावर खालून गोडे पाणी मारावे. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ झाले असेल, तर त्याने धुवू नये.

खर्चाचा विचार

एवढा खटाटोप प्रत्येक गाडीसाठी करावा असे आम्ही म्हणत नाही. पद्मिनीचे जोते दोन्ही बाजूंनी गेले, खांबांचे पाय सुटले, किंवा जीपची चासी अनेक ठिकाणी पापुद्रे धरू लागली, तर गाडी मोडीत काढणे हाच शहाणपणा होय. त्यात भावना दुखावतात हे खरे, परंतु त्या गाडीत आपली मुले बसतात. उलटपक्षी, चासी व जोते निरोगी असून केवळ अंगाचा पत्रा गेला असेल, तर एका हिवाळ्याच्या रिकाम्या सकाळी, थोडे हत्यार व वेल्डरचे अर्ध्या-अर्ध्या दिवसाचे काम एवढ्यावर गाडी पुष्कळ वर्षे उभी राहते. एका हंगामात सर्व काम संपविण्याचा आग्रह धरू नये. पहिल्या वर्षी तळ, दुसऱ्या वर्षी दारे, तिसऱ्या वर्षी मडगार्ड असा क्रम लावावा. तळ प्रथम घ्यावा, कारण पाय त्यावर असतात. शोभेचे भाग शेवटी घ्यावेत.

वादळानंतर ज्यांनी पोफळीची रोपे लावली, त्यांची झाडे आता फळावर येऊ लागली आहेत. या काळात जे जुने वाहन खत, रोपे व माणसे वाहत राहिले, त्याच्या तळाखाली या हिवाळ्यात एकदा वाकून पाहावे, चुंबक व टोचा लावून पाहावे, आणि जेथे रोग दिसेल तेथे तो निरोगी धातू लागेपर्यंत काढावा, अशी आमची आपल्या बागायतदार बंधूंस विनंती आहे.